जमीन दिली, मत दिले नाही

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात कार्यकर्त्यांचे दोन दिवसांचे अभ्यास शिबिर झाले. विषय होता 'लोकशाही आणि भूमिहीन'. मी घटनेतील मूलभूत हक्कांवर बोललो. बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतला एक तरुण उठला. त्याच्या घरचे तीन पिढ्यांपासून दोन एकर गायरान कसतात. सातबारा नावावर नाही. 'अतिक्रमण काढा' अशी नोटीस त्या महिन्यात आली होती. तो म्हणाला, "सर, माझ्या आज्याने मत दिले, बापाने दिले, मीही देतो. जमीन काही मिळाली नाही. उद्या एखादा जनरल आला आणि एका हुकमाने गायरान आमच्या नावावर करून गेला, तर आमचे काय वाईट होईल?"

सभागृहात काही जण हसले. मला हसू आले नाही. असा जनरल जगात खरोखर येऊन गेला आहे आणि त्याने खरोखर जमीन दिली आहे. त्या तरुणाला मी त्या दिवशी तुटक उत्तर दिले. पुरते उत्तर द्यायचे तर पेरू या देशाची आणि जनरल हुआन वेलास्को अल्वाराडो याची हकिगत सांगावी लागेल. ती येथे सांगतो.

पेरू हा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा देश. किनारपट्टीवर ऊस आणि कापसाचे मोठे मळे, मध्ये अँडीज पर्वताची रांग, पलीकडे ॲमेझॉनचे अरण्य. डोंगरात राहणारे केचुआ आणि आयमारा भाषा बोलणारे लोक हे या भूमीचे मूळ मालक. सोळाव्या शतकात स्पॅनिश आले आणि मालकाचा कूळ झाला. १८२१ साली पेरू स्वतंत्र झाला, पण ते स्वातंत्र्य गोऱ्या जमीनदारांचे होते. डोंगरात 'हासिएंदा' नावाच्या जहागिरी तशाच राहिल्या. जहागिरीतल्या माणसाला पोटापुरता जमिनीचा तुकडा कसायला मिळे. त्याच्या बदल्यात आठवड्यातले कित्येक दिवस त्याने मालकाच्या शेतात राबायचे. शिवाय पाळीपाळीने मालकाच्या वाड्यावर फुकट चाकरी करायची. अशा चाकराला 'पोंगो' म्हणत. ज्यांच्या घरात महारकीची आठवण अजून जिवंत आहे, त्यांना पोंगो म्हणजे काय हे फोड करून सांगायला नको.

तेथे अस्पृश्यता नव्हती. धर्मग्रंथाची मोहोर उमटलेली उतरंडही नव्हती. हा फरक लहान नाही. पण 'इंदिओ' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. आणि इंदिओला मत नव्हते. कायद्यात तसे सरळ लिहिलेले नव्हते. एवढेच लिहिले होते की निरक्षराला मत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही अट होती. शाळा स्पॅनिशमध्ये, तीही डोंगरात क्वचित. म्हणजे शाळा द्यायची नाही आणि शाळा नाही म्हणून मत द्यायचे नाही. जात न उच्चारता जात कशी चालवावी याचा हा नमुना आहे.

वेलास्को १९१० साली उत्तरेकडील पिउरा भागातल्या एका गरीब कुटुंबात जन्मला. १९२९ साली तो तिकिटाविना जहाजात लपून राजधानी लिमाला पोचला आणि सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला. पुढे लष्करी विद्यालयातून तो पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला आणि पायरी पायरीने सेनापतीच्या पदापर्यंत चढला. खानदानी घराण्यांच्या दिवाणखान्यात त्याला जागा नव्हती. त्याच्या चेहऱ्यामोहऱ्यावरून पडलेले 'चिनो' हे नाव त्याला जन्मभर चिकटले.

एकट्या माणसाच्या स्वभावातून राज्य पालटत नाही. त्यामागे एक चळवळ होती. कुस्कोजवळच्या ला कॉन्व्हेन्सियॉन खोऱ्यात १९६० च्या आसपास कुळांनी संघटना बांधली, फुकट राबणे नाकारले आणि कसतो ती जमीन आपली मानली. उगो ब्लांको हा त्यांचा नेता. त्याला तुरुंगात टाकले गेले. १९६५ साली डोंगरात गनिमी लढे उभे राहिले. तेही सैन्याने चिरडले. पण चिरडायला गेलेल्या अधिकाऱ्यांनी डोंगरातली भूक डोळ्यांनी पाहिली. जमीनदारी मोडली नाही तर उद्या याहून मोठा वणवा पेटेल, हा हिशेब त्यांच्यातल्या काहींनी केला. त्यात करुणा होती आणि भीतीही होती. ही भीती लक्षात ठेवावी. पुढचे पुष्कळ काही तिच्यामुळे घडले.

३ ऑक्टोबर १९६८ रोजी सैन्याने निवडून आलेले अध्यक्ष बेलाउंदे यांना पदच्युत केले. निमित्त होते एका अमेरिकी तेलकंपनीशी केलेल्या संशयास्पद कराराचे. सहाच दिवसांत वेलास्कोने तालारा येथील तेलक्षेत्र ताब्यात घेतले. आणि २४ जून १९६९ रोजी जमीन सुधारणेचा कायदा जाहीर केला. त्या दिवसाला सरकारी भाषेत 'इंदिओ दिन' म्हणत. वेलास्कोने त्याचे नाव बदलून 'शेतकरी दिन' केले. मालक यापुढे तुमच्या दारिद्र्यावर जेवणार नाही, असे त्याने त्या भाषणात सांगितले. स्पॅनिशांविरुद्ध १७८० साली बंड करणारा आणि पुढच्याच वर्षी कुस्कोच्या चौकात हालहाल करून मारला गेलेला तुपाक अमारू याचे चित्र सरकारी भित्तिपत्रकांवर झळकू लागले.

हे नुसते भाषण नव्हते. काही दिवसांतच उत्तर किनाऱ्यावरचे ऊसमळे आणि साखर कारखाने ताब्यात घेतले गेले. महिनाभरात पाण्याचा कायदा आला : देशातले सर्व पाणी राष्ट्राचे, पाटावरची जमीनदाराची मिरासदारी संपली. महाडचे तळे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना या कायद्याचे मोल कळेल. दहा वर्षांत सुमारे ९० लाख हेक्टर जमीन काढून घेतली गेली आणि तिचा लाभ साडेतीन लाखांहून अधिक कुटुंबांना झाला. १९७२ साली शिक्षणाचा नवा कायदा झाला. मुलांना त्यांच्या मातृभाषेतूनही शिकवावे हे तत्त्व त्याने मान्य केले. २७ मे १९७५ रोजी केचुआ ही स्पॅनिशबरोबर देशाची अधिकृत भाषा ठरली. ज्या भाषेत फक्त हुकूम ऐकायचे, ती भाषा कागदावर का होईना, राज्याची भाषा झाली.

यातले काहीही मी हसण्यावारी नेणार नाही. पोंगोने वाड्याच्या दारात वाकून उभे राहणे संपले. ज्या सरकारांना संसद होती, निवडणुका होत्या, त्यांनी हे केले नव्हते. आपल्याकडचे काही विद्वान लोकशाहीची थोरवी सांगताना हे वगळतात. शिबिरातल्या त्या तरुणाचा प्रश्न नेमका येथूनच निघतो.

पण हकिगत येथे संपत नाही.

जमीन सुधारणेच्या घोषणेच्या अगदी दोन-तीन दिवस आधी अयाकुचो आणि वान्ता या डोंगरातल्या गावांत विद्यार्थी आणि शेतकरी रस्त्यावर आले होते. परीक्षेत नापास झालेल्या मुलांचे मोफत माध्यमिक शिक्षण काढून घेणारा हुकूम याच सरकारने काढला होता. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत गेले होते, त्यांच्या मुळावर तो आला. लोकांनी प्रतिकार केला, गोळीबार झाला, माणसे मेली. मग हुकूम मागे घेतला गेला. म्हणजे ज्या आठवड्यात सरकारने जमीन दिली, त्याच आठवड्यात शाळा मागणाऱ्यांवर गोळ्याही घातल्या. हुकमाने देणारा हात आणि हुकमाने मारणारा हात एकच असतो.

जमीन दिली कशी, तेही पाहू. मोठ्या जहागिरी तोडून वाटल्या नाहीत. त्यांच्या सहकारी संस्था केल्या. सभासद झाले ते त्या जहागिरीतले कायम कामगार. हंगामापुरते येणारे मजूर बाहेर राहिले. ज्यांची गायराने जहागिरीने पूर्वी गिळली होती ती शेजारची गावेही बहुतेक ठिकाणी बाहेरच राहिली. उसाच्या संस्थांत सभासद वेगळे आणि रोजंदारीचे मजूर वेगळे, असे दोन थर पडले. आपल्या साखर कारखान्यांत सभासद कोण आणि कोयता घेऊन येणारा कोण, हे जाणणाऱ्या महाराष्ट्रीय वाचकाला याचा अर्थ लागेल. मालक गेला, त्याच्या जागी सरकारी व्यवस्थापक आला. १९७४ साली आंदाहुआयलास भागातल्या शेतकऱ्यांनी वाट पाहणे सोडून स्वतःच जहागिरी ताब्यात घेतल्या, तेव्हा सरकारने आधी बोलणी केली आणि नंतर पुढाऱ्यांना पकडले. उगो ब्लांकोचेही तसेच. १९७० च्या अखेरीस माफी देऊन त्याला सोडले आणि १९७१ साली देशाबाहेर घालवले. कुळांनी स्वतः उभा केलेला नेता जनरलला नको होता. त्याला टाळ्या वाजवणारे शेतकरी हवे होते.

लोकांना संघटित करण्यासाठीही सरकारने १९७१ साली एक खाते काढले. त्याचे आद्याक्षरी नाव 'सिनामोस'. स्पॅनिशमध्ये ते तोडून वाचले की अर्थ होतो 'मालकांविना'. नाव उत्तम, पण संघटना सरकारी पगारावर चालणारी. १९७४ साली देशपातळीवरची मोठी वर्तमानपत्रे ताब्यात घेतली. ती शेतकरी-कामगारांच्या संस्थांकडे सोपवू असे सांगितले, पण प्रत्यक्षात ती सरकारच्याच मुठीत राहिली.

आणि मत? संसद बंद होती, म्हणून कोणालाच मत नव्हते. पण निरक्षराला मत नाकारणारी जुनी अट खोडावी, पुढे केव्हा तरी निवडणूक झाली तर तिच्यात पोंगोच्या मुलाचे मत धरले जाईल अशी तरतूद करावी, हे या सरकारने केले नाही. ज्याच्या हाती जमीन द्यायला हरकत नव्हती त्याच्या हाती मतपत्रिका देण्याची मात्र गरज वाटली नाही.

येथे मला बाबासाहेबांची आठवण होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मतदानाची मागणी केली. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, ही त्यांची भूमिका होती. त्या वेळी मतदान हा मूठभर करदात्यांचा मक्ता होता. त्या भूमिकेमुळे आपला निरक्षर आजा १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत रांगेत उभा राहिला. पेरूतल्या निरक्षराला तो दिवस पाहायला १९८० साल उजाडावे लागले. तेही वेलास्कोच्या पश्चात, १९७९ च्या घटनेमुळे.

वेलास्कोचा शेवट कसा झाला? १९७३ साली तो गंभीर आजारी पडला, त्याचा एक पाय कापावा लागला. कर्ज वाढले, महागाई वाढली. फेब्रुवारी १९७५ मध्ये पोलिसांचा संप आणि लिमात दंगल झाली. २९ ऑगस्ट १९७५ रोजी त्याच्याच सरकारातला जनरल मोरालेस बेर्मुदेस याने त्याला बाजूला सारले. बंदुकीने आलेले राज्य बंदूक न झाडताच गेले. त्याला वाचवायला शेतकऱ्यांचा लोंढा राजधानीवर आला नाही. ते कृतघ्न नव्हते. डिसेंबर १९७७ मध्ये तो वारला तेव्हा अंत्ययात्रेला लिमातल्या गोरगरिबांची अफाट गर्दी लोटली. शोक करायला लोक होते. राज्य राखायला संघटना नव्हती. ती उभी होऊ दिलीच नव्हती.

पुढे सहकारी संस्था एकेक करून मोडल्या. पुष्कळ ठिकाणी जमिनीचे तुकडे सभासदांनी वाटून घेतले, काही ठिकाणी बाहेर राहिलेल्या गावांनी त्या संस्थांचीच जमीन व्यापली. मे १९८० मध्ये, ज्या निवडणुकीत निरक्षर प्रथमच मत देणार होते तिच्या आदल्या दिवशी, अयाकुचोतल्या चुस्ची गावात 'प्रकाशमान मार्ग' या सशस्त्र पक्षाने मतपेट्या जाळल्या. पुढच्या दोन दशकांच्या हिंसाचारात सुमारे ६९ हजार माणसे मेली किंवा नाहीशी झाली, असा अंदाज सत्यशोधन आयोगाने २००३ साली मांडला. बळींपैकी दर चारांतले तीन केचुआ किंवा अन्य मूळ भाषा बोलणारे होते. सशस्त्र क्रांतिकारक आणि सैन्य, दोघांनीही त्यांना मारले. 'इंदिओ' हा शब्द १९६९ साली हुकमाने पुसला होता. त्याच्या मागची तुच्छता पुसली गेली नव्हती.

या नामांतराबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. 'शेतकरी' हे नाव शिवीपेक्षा चांगलेच. पण ते वरून दिलेले नाव होते. त्यात वर्ग आला, वंशाचा प्रश्न झाकला गेला. डोंगरातला माणूस लिमात आला की शेतकरी राहत नसे, पण तुच्छता त्याच्या मागोमाग येई. आपल्यालाही एक गोड नाव वरून मिळाले होते. ते आपण नाकारले आणि 'दलित' हा शब्द स्वतः उचलला. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे माणसे लढली, घरेदारे जळाली. एका हुकमाने ते नाव आले असते तर ते एका हुकमाने गेलेही असते. आता ते काढायची कोणाची छाती आहे?

तरीही वेलास्कोने पेरलेले सगळे वाया गेले नाही. जुनी जहागिरदारी पुन्हा उभी राहिली नाही. २०२१ साली पेद्रो कास्तिय्यो नावाचा खेड्यातला शाळामास्तर देशाचा अध्यक्ष निवडून आला. त्याचे आईबाप निरक्षर, जमीनदाराच्या शेतात राबणारे. वेलास्कोच्या सुधारणेत त्यांना जमीन मिळाली होती. बापाला जमीन मिळाली म्हणून मुलगा शिकला आणि डोंगरातल्यांना मत मिळाले म्हणून तो निवडून आला. जमीन आणि मत एकत्र आल्यावर काय होते ते येथे दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने संसद बरखास्त करण्याचा प्रयत्न केला आणि त्याच दिवशी तो पदावरून गेला. हुकमाने राज्य करण्याचा मोह त्यालाही सुटला नाही. त्यानंतर दक्षिणेकडचे डोंगरातले लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात कित्येक जण मारले गेले. उतरंड अजून उभी आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटनासमितीत बजावले होते : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकवली तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल. त्याच भाषणात व्यक्तिपूजेविरुद्धही त्यांनी इशारा दिला होता. आपण पहिल्या इशाऱ्याचे उदाहरण आहोत : मत मिळाले, जमीन मिळाली नाही. पेरू दुसऱ्या बाजूचे उदाहरण आहे : जमीन मिळाली, मत मिळाले नाही. दोन्ही अर्धवट स्वातंत्र्ये आहेत.

शिबिरातल्या त्या मित्राला माझे उत्तर असे. जनरल येऊन गायरान तुझ्या नावावर करील तर ते घे, सातबारा जपून ठेव, लाजू नकोस. ती जमीन तुझ्याच घामाची आहे. पण त्याला तारणहार मानू नकोस आणि तुझी संघटना त्याच्या खात्यात विलीन करू नकोस. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते कोणा जनरलच्या हुकमावरून नव्हे. ती वाट लांबची आहे हे मला ठाऊक आहे, आणि तुझी नोटीस उद्याची आहे हेही ठाऊक आहे. म्हणून उत्तर देऊन मी मोकळा होत नाही. पुढच्या सोमवारी तहसीलवर तुझ्या गावाबरोबर मी येत आहे. शिबिरात त्या दिवशी हसलेल्यांनीही यावे.