पाऱ्याचा आकडा आणि मजुराचा घाम

मे महिन्यात कसाऱ्याहून इगतपुरीला येणाऱ्या माणसाला हवामानशास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. कसाऱ्यापर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असतो, रुमाल पिळून काढावा इतका ओला. थळ घाटातले बोगदे संपतात, गाडी सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या इगतपुरीत लागते, करवंदे विकणाऱ्या आदिवासी बाया खिडकीशी येतात, आणि तोच सदरा वाळू लागतो. ऊन इथेही असतेच. पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. पण घाम वाळतो. घाम वाळणे म्हणजे काय, हे आम्हाला एका प्रकरणात फार उशिरा कळले.

आमच्याच तालुक्यातला एक तरुण घाटाखाली एका बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली होता. स्लॅब भरताना कोसळला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेला. कागदावर कारण लागले, ‘हृदयक्रिया बंद पडून’. (हृदयक्रिया तर प्रत्येक मयताची बंदच पडते!) वारसांच्या वतीने आम्ही नुकसानभरपाई मागितली. ठेकेदाराच्या वकिलाने वर्तमानपत्राचे कात्रण पुढे केले. त्या दिवशी तिथले कमाल तापमान ३४ अंश, चंद्रपूरचे ४५. चंद्रपुरात माणसे कामावर जातात, मग ३४ अंशांत उष्माघात कुठून आणला, असा त्यांचा सवाल. आमच्याकडे उत्तर नव्हते, हे कबूल करतो. त्या विधवा भगिनीने देऊ केलेली रक्कम घेतली आणि प्रकरण मिटले.

उत्तर होते. आम्हीच ते शोधले नव्हते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता निथळला तर काहीच नेत नाही. म्हणून हवेची खरी पारख करायची तर तापमापकाला ओले फडके गुंडाळून आकडा बघतात, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा ओला पारा २४ च्या आसपास राहतो. ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर तो २९ वर जातो! म्हणजे वर्तमानपत्रात अकरा अंशांनी ‘थंड’ दिसणारा किनारा घाम वाळू देण्याच्या बाबतीत चंद्रपूरहून वाईट. निरोगी तरुणांचे शरीरसुद्धा दमट हवेत ओला पारा ३१ च्या आसपास गेला की स्वतःचे तापमान सांभाळू शकत नाही, असे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या २०२२ च्या प्रयोगांत दिसले. त्या प्रयोगातल्या तरुणांच्या डोक्यावर सिमेंटचे घमेले नव्हते.

याचा अर्थ विदर्भाचे ऊन सोपे, असा कुणी घेऊ नये. तिथे घाम दिसण्याआधीच उडतो, अंगातले पाणी कधी संपले ते कळत नाही आणि माणूस लू लागून पडतो. फरक उपायात आहे. नागपुरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो. तोच कूलर ठाण्यात लावा, खोलीत दमटपणाच वाढेल. तिथे पाणी आणि सावली आधी, इथे वारा आणि विश्रांतीही तितकीच.

हवामान खात्याच्या उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येत मैदानासाठी ४०, किनाऱ्यासाठी ३७ आणि डोंगराळ भागासाठी ३० अंश असे टप्पे आहेत. त्यात आर्द्रता नाही. ‘उष्ण व दमट’ असा इशारा खाते वेगळा देते. तो ठेकेदाराच्या कानापर्यंत किती पोहोचतो, हे वाचकांना सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला सरकारी पुरस्कार सोहळ्यात मंचावर छत होते आणि समोर लाखो माणसे उघड्यावर. पारा ३८ च्या आसपास होता. चौदा जण गेले. विदर्भात ज्या आकड्याकडे कुणी मान वळवून बघत नाही, तो खाडीकाठी जीवघेणा ठरला.

कायद्याला ओला पारा माहीतच नाही असेही नाही. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीने खाणीतल्या कामाच्या जागी ३३.५ अंशांची वेट बल्ब मर्यादा घातली होती. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री म्हणून बाबासाहेब स्वतः धनबादच्या खाणीत उतरले होते. जमिनीखालच्या मजुरासाठी जे मोजता येते ते स्लॅबवरच्या मजुरासाठी का मोजू नये? तामिळनाडूने ऑक्टोबर २०२४ मध्ये उष्णतेची लाट ही राज्य आपत्ती ठरवून मृताच्या वारसांना ४ लाख रुपये देण्याचा निर्णय घेतला. तिथेही मृत्यूचे कारण कागदावर लागावे लागतेच, आणि घोडे तिथेच अडते.

आपल्या माणसांनाही एक सांगणे आहे, राग मानू नये. २० मार्चला आपण महाडला जमतो, ते कोकणात. १४ एप्रिलच्या मिरवणुका ऐन उन्हाळ्यात निघतात. मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांत भर दुपारी लेझीम खेळणारी पोरे आणि नऊवारीतल्या आयाबाया तासन्‌तास चालतात. ‘आज फार ऊन नाही’ म्हणून पाण्याची सोय एका टँकरवर सोडून देणारे संयोजक आम्ही पाहिले आहेत, त्यांत आम्हीही होतो.

आता असे प्रकरण आले की आमचा पहिला अर्ज हवामान खात्याकडे जातो, त्या दिवसाच्या सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाचच्या आर्द्रतेच्या नोंदींसाठी. दुसरा अर्ज दवाखान्याकडे असतो, आणल्यावेळी अंगात ताप किती होता ते विचारणारा. बहुतेक वेळा तो रकाना कोराच असतो.