जवळचा चंद्र महाग, लांबचा स्वस्त

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या संगणकीय खेळात कर्बिन नावाचा एक ग्रह आहे आणि त्याला दोन चंद्र आहेत. मुन १२,००० किलोमीटरवर, तर मिनमस ४७,००० किलोमीटरवर. खेळ नुकताच हाती घेतलेला माणूस आधी मुनकडेच निघतो. जवळचं आधी गाठावं, लांबचं मागाहून, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. मुनवर यानं आपटून आपटून तो मेटाकुटीला आला, की एखादा मुरलेला खेळाडू सांगतो, ‘आधी मिनमसला जाऊन ये, ते सोपं आहे.’ चौपट लांबचं ठिकाण सोपं कसं, हे नवख्याच्या गळी उतरत नाही. पण आकडे पाहिले की उतरतं.

कर्बिनभोवतीच्या खालच्या कक्षेत फिरणारं यान मुनकडे वळवायचं, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ८६० मीटरनं वाढवावा लागतो. मिनमससाठी ९३० मीटरनं. अंतर जवळपास चौपट, जादा खर्च फक्त ७० मीटरचा! कारण मुनच्या उंचीपर्यंत पोहोचताना कर्बिनच्या गुरुत्वाकर्षणाची बहुतेक चढण चढून झालेली असते. पुढचा पल्ला लांब असला तरी जवळजवळ सपाट असतो. खरा खर्च पोहोचल्यावर सुरू होतो. मुनच्या कक्षेत शिरून खाली उतरायला आणखी ८९० मीटर लागतात, मिनमसवर ३४० पुरतात, कारण तिथलं गुरुत्वाकर्षण कर्बिनच्या विसाव्या हिश्शाइतकंच आहे. परत निघतानाही तोच फरक पडतो. मिनमसची कक्षा सहा अंशांनी कललेली असल्यामुळे नेम धरणं थोडं किचकट, एवढीच काय ती अडचण.

म्हणून या खेळातली जाणती मंडळी ‘किती लांब?’ असं विचारतच नाहीत. ‘डेल्टा-व्ही किती?’ असं विचारतात. प्रवासात वेगात एकूण किती बदल करावा लागेल, त्याची बेरीज म्हणजे डेल्टा-व्ही. प्रत्येक ग्रहा-चंद्रापर्यंतच्या या बेरजांचे नकाशे खेळाडूंनी स्वतः तयार केले आहेत आणि ते रेल्वेच्या वेळापत्रकासारखे सतत उघडे असतात. अवकाशात किलोमीटर नव्हे, वेगातला फरक हेच खरं अंतर असतं. पाठ्यपुस्तकातून हे वाक्य पाठ करता येतं, पण मनात मुरत नाही. या खेळानं ते लाखो लोकांच्या मनात मुरवलं, आणि विज्ञानशिक्षणातली ही मोठी कामगिरी आहे असं मला मनापासून वाटतं.

मेक्सिको सिटीतल्या ‘स्क्वाड’ या कंपनीचा मूळ धंदा जाहिरात-मार्केटिंगचा. तिथे नोकरीला असलेल्या फेलिपे फालांगे यांच्या डोक्यातून हा खेळ निघाला. पहिली आवृत्ती जून २०११ मध्ये लोकांसमोर आली, पूर्ण आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये. मधल्या काळात, २०१४ साली, ‘नासा’च्या सहकार्यानं लघुग्रह पकडून आणण्याची मोहीम खेळात आली, २०२० मध्ये युरोपीय अवकाश संस्थेच्या रोझेटा आणि बेपीकोलंबो या मोहिमाही आल्या. हिरव्या, गोलमटोल कर्बल लोकांना पाहून हा लहान मुलांचा खेळ वाटतो. आतलं गणित मात्र न्यूटनचं आहे.

त्या गणितातलं सगळ्यात निष्ठुर सूत्र रशियन शिक्षक कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं. इंजिनातून वायू ज्या वेगानं बाहेर पडतो, तेवढाच वेग यानाला हवा असेल तर निघतानाचं वजन रिकाम्या यानाच्या २.७ पट असावं लागतं. दुप्पट वेग हवा तर ७.४ पट. तिप्पट हवा तर वीस पट. इंधन वाढवलं की ते इंधन उचलायला आणखी इंधन लागतं, आणि या चक्रातून सुटका नाही. रॉकेट उडत नाही, म्हणून नवखा खेळाडू आणखी चार बूस्टर जोडतो. अनुभवी खेळाडू उलट विचारतो, ‘वरच्या टप्प्यातून काय काढता येईल?’ शेंड्यावरचा एक किलो कमी केला, तर बुडाशी कितीतरी किलो वाचतात.

कर्बिनवर हे सूत्र जरा दयेनं वागतं. कर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाहूनही थोडी कमी. पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकंच. तिथून कक्षेत जायला सेकंदाला ३,४०० मीटर पुरतात, पृथ्वीवरून सुमारे ९,४०० लागतात. वायूचा वेग ३,४०० मीटर धरला आणि सगळा प्रवास एकाच टप्प्यात करायचा म्हटलं, तर कर्बिनवर रॉकेट रिकाम्या वजनाच्या पावणेतीन पट भरतं, पृथ्वीवर सोळा पट. एवढ्याशा ग्रहाला एवढं गुरुत्वाकर्षण असेल तर त्याची घनता किती, हा हिशेबही खेळाडूंनी मांडला आहे. ती ऑस्मियम या सर्वांत घन मूलद्रव्याच्या अडीच पटींहून जास्त येते. असा ग्रह निसर्गात असू शकत नाही. पण या तडजोडीमुळे काही मिनिटांत कक्षा गाठता येते, हातून चुका भराभर होतात आणि माणूस भराभर शिकतो. मला ही तडजोड अगदी योग्य वाटते.

खरी कसोटी लागते ती दोन यानं जोडताना. समजा, तुमचं स्थानक १०० किलोमीटर उंचीवर फिरतंय आणि तुम्ही त्याच कक्षेत त्याच्या थोडे मागे आहात. समोरचं गाठायचं म्हणून इंजिन पेटवून वेग वाढवला, तर तुमची कक्षा फुगते, प्रदक्षिणेला वेळ जास्त लागतो आणि तुम्ही आणखी मागे पडता. पुढच्याला गाठायचं तर वेग कमी करून खाली उतरायला हवं. १०० किलोमीटरवर एक प्रदक्षिणा सुमारे १,९५८ सेकंदांत होते, ८० किलोमीटरवर १,८७५ सेकंदांत. म्हणजे खालून फिरताना दर फेरीत ८३ सेकंदांची, कोनात मोजली तर पंधरा अंशांची, आघाडी मिळते. हवं तेवढं अंतर भरून निघालं की वर चढायचं.

हे मनाला इतकं उलटं वाटतं की प्रत्यक्ष अंतराळवीरही इथे अडखळले होते. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे तोंड करून इंजिन चालवलं. टप्पा जवळ येईना, इंधन मात्र संपत चाललं, आणि शेवटी प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनी ६ए आणि जेमिनी ७ यांची भेट झाली, ती काटेकोर कक्षा आखून. ‘इस्रो’च्या स्पेडेक्स मोहिमेतली दोन छोटी यानं १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांना जोडली गेली आणि हे साधणारा भारत चौथा देश ठरला. त्या बातमीचं मोल ज्यानं हा खेळ खेळून रात्री जागवल्या आहेत, त्याला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

ऑगस्ट २०२३ मधल्या एका प्रश्नाचंही तसंच. रशियाचं लुना-२५ अकरा तारखेला निघालं आणि सोळाला चंद्राच्या कक्षेत पोहोचलं. आपलं चांद्रयान-३ चौदा जुलैला निघून पाच ऑगस्टला. आपल्याला एवढे दिवस का लागतात, असं लोक विचारत होते. उत्तर इंजिनात आहे. चांद्रयानाचं मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं, म्हणजे पृथ्वीवर जेमतेम ४५ किलो उचलू शकेल एवढ्या जोराचं, आणि त्यावर जवळपास चार टनांचा भार. एवढ्या मंद इंजिनानं एका दमात लागणारा वेग मिळवायचा तर ते इतका वेळ पेटत ठेवावं लागतं, की तोवर यान पृथ्वीपासून लांब निघून जातं. आणि इंधनाचं चीज होतं ते पृथ्वीच्या सगळ्यात जवळ, यान सगळ्यात वेगात असताना. म्हणून दर फेरीत जवळ आल्यावर थोडं इंजिन चालवायचं आणि कक्षा ताणत न्यायची. खेळात ‘नर्व्ह’ नावाचं अणुइंजिन आहे, काटकसरी पण दुबळं. ते वापरणारे खेळाडू नेमकं हेच करतात.

अर्थात खेळात एक मोठी मोकळीक घेतलेली आहे आणि तिच्यावर खेळाडू वर्षानुवर्षं हिरिरीनं वाद घालत आले आहेत. प्रत्यक्षात यानाला पृथ्वी, चंद्र, सूर्य सगळेच एकाच वेळी ओढत असतात. इथे मात्र एका वेळी एकच. गावाची शीव ओलांडली की दुसऱ्या पाटलाचा अंमल सुरू व्हावा, तसं कर्बिनचं क्षेत्र संपलं की मुनचं सुरू होतं आणि मागचं ओढणं एका क्षणात शून्य होतं. त्यामुळे कक्षेचा अंदाज चटकन आणि नेमका मिळतो. काहींच्या मते एवढी सोय नसती तर निम्मे लोक पहिल्याच दिवशी खेळ सोडून गेले असते. मला हे पटतं. पण त्याची किंमतही आहे: दोन गोलांच्या ओढीचा मेळ बसतो ते लाग्रांज बिंदू या विश्वात नाहीतच. आदित्य-एल१ पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर ज्या बिंदूभोवती फिरतं, तसा मुक्काम इथे शोधूनही सापडणार नाही.

ही उणीव खटकणाऱ्यांनी ‘प्रिन्सिपिया’ नावाची जोड तयार केली. ती बसवली की सगळे गोल एकमेकांना आणि यानालाही ओढू लागतात, आणि लाग्रांज बिंदूही अवतरतात. पण एल१ हा बिंदू अस्थिर, यान तिथे नुसतं नेऊन सोडलं तर हळूहळू निसटतं. त्यामुळे खेळाडूला पुन्हा पुन्हा तिथे परतून मार्ग सावरावा लागतो. आदित्यनं जानेवारी २०२४ मध्ये सुरू केलेली पहिली १७८ दिवसांची प्रदक्षिणा २ जुलैला पूर्ण केली, तेव्हा ‘इस्रो’लाही हेच करावं लागलं होतं: २२ फेब्रुवारीला एकदा, ७ जूनला दुसऱ्यांदा, आणि २ जुलैला पुढच्या फेरीत शिरताना पुन्हा.