फडावरची आरोग्यनोंद

दिवाळीच्या सुमारास बीडकडचा 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या फडावर जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततो. दुखणे बरोबर फिरते; केसपेपर मात्र गावी राहतो. मग प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यापासून विचारू लागतो. बीडमधील ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यास २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. आधीच्या तपासणीची नोंद हाती असेल, तर बाई दुसऱ्या डॉक्टरचे मत घेऊ शकते.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य योजनेत १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. नोंदी ज्या त्या दवाखान्यातच राहतात. क्रमांकाने त्या जोडल्या जातात आणि रोग्याच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. मेख येथेच आहे. ही संमती बहुधा मोबाईलवरून द्यायची असते. मोबाईल मुकादमाचा, तर किल्लीही त्याचीच! शिवाय दवाखान्याने नोंद चढवलीच नाही, तर क्रमांक कोराच राहणार.

म्हणून आम्ही संघटनेची माणसे म्हणतो: आभा क्रमांक काढताना बाईचाच मोबाईल जोडावा, आणि प्रत्येक तपासणीचा कागदही तिच्या हाती द्यावा. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. शरीराचा हिशेब तरी तिचा तिच्याजवळ असू द्या.