कमी तिखट मिरची : वाफ्यातून बरणीत

दोन वर्षांपूर्वी भजीच्या मिरचीची म्हणून आम्ही पन्नास रोपे विकत आणली. पिरनवाडीच्या परसात ती जोमाने वाढली. पण निम्म्या झाडांची मिरची अशी निघाली, की मुलांनी ताट सोडून पाण्याच्या तांब्याकडे धाव घेतली. लवंगी मिरचीच्या शेजारी लावली म्हणून असे झाले, असा शेजारणींचा निर्वाळा. पण ते खरे नाही.

मिरचीचा तिखटपणा मुख्यतः बियांत नसतो. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यात तो तयार होतो, आणि हा गाभा झाडाचा स्वतःचा असतो. शेजारच्या झाडाचा पराग आला तरी यंदाची फळे त्याने तिखट होत नाहीत. पराग उतरतो बियात. मिसळलेल्या वाफ्यातले बी धरले तर फसगत होते ती पुढच्या साली. तेव्हा बी घरचे धरायचे असेल तर एका हंगामात एकच जात लावावी, नाहीतर बी विकत घ्यावे. पाण्याचा ताण पडला की गोडी मिरचीसुद्धा थोडी तिखट होते, हेही लक्षात ठेवावे.

बरणीत भरण्यासाठी भावनगरी मिरची उत्तम. साल जाड, रंग पोपटी, तिखट बेताचे. ब्याडगीही सौम्यच आणि रंगाला नामी (२०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले), पण ती वाळवून वापरण्याची. हुक्केरी तालुक्याच्या संकेश्वरचे नाव लावणारी संकेश्वरी मिरचीदेखील मसाल्याची. त्यांना बरणीत घालू नये.

आपल्याकडे पावसाळा जोराचा. वाफ्यात पाणी साचले की मूळ कुजते व झाड मान टाकते. म्हणून रोपे ऑगस्टमध्ये टाकून पाऊस ओसरल्यावर गादीवाफ्यावर दीड-दोन फुटांच्या अंतराने लावावीत. पाने वळून आखडू लागली तर तो चुरडा-मुरडा समजावा. फुलकिडे, कोळी व पांढरी माशी यांचे हे काम. रोगट झाड उपटून जाळणेच बरे.

आता बरणीविषयी. इथे मात्र आमची कळकळीची विनंती आहे. मिरची उकडून नुसत्या मिठाच्या पाण्यात किंवा तेलात बुडवून घट्ट झाकणाखाली महिनोन्‌महिने ठेवू नये. मातीतून येणाऱ्या बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे साध्या उकळण्याने मरत नाहीत. हवाबंद जागी, आंबटपणा नसेल तर ती वाढतात आणि जीवघेणे विष तयार करतात. त्याला वास असतोच असे नाही. आमच्या घरी एकदा अशाच बरणीचे झाकण फुगले होते. जीव हळहळला, तरी चव न पाहता सारी मिरची खड्ड्यात पुरली.

उपाय सोपा आहे : व्हिनेगर. बाटलीवर आम्लता वाचावी. ५ टक्के असेल ते घ्यावे आणि त्यात पाणी घालू नये. अर्धा किलो ताजी मिरची धुऊन, कोरडी करून उभी चिरावी. न चिरलेल्या मिरचीच्या पोटात व्हिनेगर पोचत नाही. चिरताना हाताला तेल चोळावे; तिखट तेलात विरघळते, पाण्यात नाही. स्टीलच्या पातेल्यात अर्धा लिटर व्हिनेगर, दोन मोठे चमचे मीठ व चवीपुरती साखर उकळावी. ॲल्युमिनियमचे भांडे नको. उकळलेल्या जाड काचेच्या बरण्यांत मिरची भरून वर गरम व्हिनेगर ओतावे. मिरची पूर्ण बुडावी व वर अर्धा इंच जागा राहावी. झाकण लावून, पातेल्याच्या तळाशी फडके घालून, बरण्या बुडतील इतक्या पाण्यात उकळाव्यात. समुद्रकाठी दहा मिनिटे पुरतात. आपले गाव अडीच हजार फुटांच्या आसपास, पाणी इथे शंभर अंशांपूर्वीच उकळते. म्हणून पंधरा मिनिटे धरावीत.

हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते. सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात ते आपल्या गावच्या गोड्या मिरचीतूनच मोठ्या प्रमाणात काढले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उकळण्यात त्यातले बरेच कमी होते, तेव्हा काही मिरच्या ताज्याच कोशिंबिरीत घालाव्यात.

बरणीवर तारीख लिहावी. तीन आठवड्यांनी मिरची मुरते. उघडलेली बरणी फ्रीजमध्ये ठेवावी, आणि चमचा कोरडा असावा.