ड जीवनसत्त्वाची गोळी सर्दी-फ्लू रोखते का?

इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या छोट्या शहरात एडगर होप-सिम्पसन नावाचे फॅमिली डॉक्टर होते. लहानपणी येणाऱ्या कांजिण्या आणि उतारवयात उठणारी नागीण यांच्यामागे एकच विषाणू आहे, तो शरीरात दडून राहतो आणि पुन्हा डोकं वर काढतो, हे आपल्याच पेशंटच्या नोंदींतून दाखवून त्यांनी नाव मिळवलं. फ्लूचं कोडंही त्यांनी असंच धरून ठेवलं होतं. थंड प्रदेशांत ही साथ हिवाळ्यातच का उसळते? वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या साथी ताडून पाहिल्यावर १९८१ मध्ये त्यांनी मांडलं, की यामागे सूर्यप्रकाशाशी जोडलेलं एखादं कारण असावं. ते कारण कोणतं, हे त्यांना सांगता आलं नाही. पंचवीस वर्षांनी अमेरिकेतले डॉक्टर जॉन कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला एक नाव सुचवलं: ड जीवनसत्त्व.

कल्पना बिनबुडाची नव्हती. उन्हातले अतिनील-बी किरण त्वचेवर पडले की तिथे ड जीवनसत्त्व तयार होतं. यकृत आणि मूत्रपिंड त्यावर काम करून त्याचं क्रियाशील रूप बनवतात. हाडांना कॅल्शियम मिळतं ते त्याच्यामुळे, आणि ते फारच कमी पडलं तर मुलांना मुडदूस होतो, हे जुनं ज्ञान. नवं होतं ते २००६ मधलं लॉस एंजेलिसच्या शास्त्रज्ञांचं संशोधन. जंतू ओळखल्यावर रोगप्रतिकारक पेशी स्वतःच ड जीवनसत्त्व क्रियाशील करतात आणि त्याच्या जोरावर कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनवतात, असं त्यांना आढळलं. त्यांचं काम क्षयाच्या जंतूवर होतं. पण हे प्रथिन काही विषाणूंनाही जेरीला आणतं.

पाठोपाठ आकडेही आले. अमेरिकेतल्या जवळपास १९ हजार लोकांच्या माहितीचं विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमपेक्षा कमी होतं, त्यांतल्या २४ टक्के लोकांनी नुकतीच सर्दी-पडसं झाल्याचं सांगितलं होतं. ३० किंवा त्याहून जास्त पातळी असलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं.

इथेच घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण ज्याची पातळी कमी, तो माणूस अनेकदा वयस्कर असतो, लठ्ठ असतो, आधीच आजारी असतो, घराबाहेर क्वचित पडणारा असतो. या प्रत्येक गोष्टीचा तब्येतीवर वेगळा परिणाम होतो. शिवाय आजारपणातच ही पातळी खाली येते. गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोनच दिवसांत ती बरीच घसरल्याचं दिसलं आहे. म्हणजे कमी पातळी हे आजाराचं कारण नसून परिणाम असू शकतो.

खरं-खोटं करण्याचा मार्ग एकच: काहींना औषध द्यायचं, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या द्यायच्या, आणि थांबायचं. जपानमध्ये २००८-०९ च्या हिवाळ्यात शाळकरी मुलांना रोज १२०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं. इन्फ्लूएन्झा ए झालेल्यांचं प्रमाण त्यांच्यात १०.८ टक्के होतं, तर बिनऔषधी गटात १८.६ टक्के. इन्फ्लूएन्झा बी मात्र कमी झाला नाही. मंगोलियातल्या मुलांची पातळी फारच खालची होती. त्यांना रोज ३०० युनिट मिसळलेलं दूध मिळाल्यावर तीन महिन्यांतली सर्दी-खोकल्याची दुखणी जवळजवळ निम्म्यावर आली. याउलट न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला ३२२ प्रौढांपैकी निम्म्यांना दीड वर्ष महिन्याकाठी मोठे डोस दिले, त्यांची पातळी चांगली वाढली, आणि सर्दीत काडीचाही फरक पडला नाही. मंगोलियातच पुढे ८,८५१ मुलांवर तीन वर्षं मोठी चाचणी झाली. तिथेही ना क्षयाचा संसर्ग टळला, ना श्वसनाची दुखणी घटली.

लंडनचे एड्रियन मार्टिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या. २०१७ मध्ये २५ चाचण्यांतून श्वसनाच्या संसर्गाचा धोका १२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तीव्र कमतरता असलेल्यांना रोज किंवा आठवड्याला लहान डोस दिल्यावर तर फायदा मोठा वाटत होता. २०२१ मध्ये आणखी चाचण्या जमेस धरल्यावर घट ८ टक्क्यांवर आली. २०२५ मध्ये ६४ हजारांहून जास्त लोकांची माहिती हाती आली, तेव्हा ती ६ टक्के उरली. इतका फरक योगायोगानेही पडू शकतो. कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये ६,२०० प्रौढांवर झालेल्या चाचणीत गोळ्यांनी संसर्ग कमी झाला नाही. नॉर्वेत सुमारे ३४,६०० लोकांच्या चाचणीत निम्म्यांना ड जीवनसत्त्व असलेलं कॉड माशाच्या यकृताचं तेल देऊन पाहिलं, निकाल तोच.

भारतातला प्रश्न थोडा वेगळा आहे. ऊन मुबलक असूनही इथे अनेकांची पातळी कमी असते. सावळ्या त्वचेला जास्त वेळ ऊन लागतं, कपड्यांनी अंग झाकलेलं असतं, काम बंद खोलीत चालतं, आणि खिडकीची काच अतिनील-बी किरण अडवते. धुराचाही वाटा आहे: दिल्लीच्या मोरी गेटजवळच्या लहान मुलांत सरासरी १२.४ नॅनोग्रॅम, तर तुलनेने स्वच्छ हवेच्या गुडगावात २७.१, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. सकाळच्या कोवळ्या उन्हाचं आपल्याकडे मोठं कौतुक आहे. पण त्यात हे किरण फार थोडे असतात. तिरुपतीत केलेल्या मोजणीनुसार त्वचेत ड जीवनसत्त्व सर्वाधिक तयार होतं ते अकरा ते दोन या वेळेत.

या कमतरतेवर डॉक्टर ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल देतात, ती बहुधा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. कोविडमध्ये प्रतिकारशक्तीच्या नावाखाली ती घरोघरी पोहोचली. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं. चुकून रोज घेतलं गेलं, किंवा महिनोन् महिने चालू राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम, आणि मूत्रपिंडाला इजा. ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या औषधांचा डबा कोणी नीट पाहत नाही, तिथे हा धोका खरा आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचवलेली रोजची गरज ६०० युनिट आहे. तान्ही बाळं, गरोदर स्त्रिया, घराबाहेर न पडणारी म्हातारी माणसं यांची कमतरता डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढलीच पाहिजे. त्यांच्या हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ती गरजेची आहे. फ्लूपासून बचाव हवा असेल, तर दरवर्षी बदलून येणारी फ्लूची लस साठीपुढच्यांनी, दमेकऱ्यांनी आणि मधुमेहींनी घ्यावी. महाराष्ट्रात फ्लूचा जोर सहसा पावसाळ्यात असतो, त्यामुळे ती मे-जूनमध्येच घेतलेली बरी.