जुन्या बैलगाडीचे जतन : मूळ रूप की नवे रूप?
(शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत बैलगाडी हे आता शेतीचे अपरिहार्य साधन राहिलेले नाही. भाताचे भारे, पेंढा, गवत व लाकूड यांची वाहतूक प्रामुख्याने ट्रॅक्टर आणि टेम्पो करतात. तथापि, पडवीच्या कडेला किंवा खळ्याच्या कोपऱ्यात एखादी जुनी गाडी अद्याप उभी असते. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर अशा गाड्यांकडे नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. प्रवेशद्वारापाशी मांडण्यासाठी अथवा पाहुण्यांना शिवारातून फिरवण्यासाठी गाडी हवी असते. परंतु ती रबरी चाके, बाके व रंग देऊन अद्ययावत करावी की आहे तशी ठेवावी, हा प्रश्न मालकापुढे उभा राहतो. परदेशात जुने प्रवासी ट्रेलर बाळगणाऱ्यांनाही हाच पेच पडतो. आपल्याकडे मोटारींपुरते त्याचे उत्तर कायद्याने दिले आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या व चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल न झालेल्या दुचाकी-चारचाकी वाहनासच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. बैलगाडीसाठी असा निकष नाही. प्रस्तुत लेखात तो कसा असावा याचा विचार करण्यात आला आहे.

‘मूळ’ म्हणजे कोणते?

आज ज्या गाडीस पारंपरिक म्हटले जाते ती फार प्राचीन आहे असा समज आढळतो. तो तपासून पाहावा लागतो. मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट सातवाहन काळापासून व्यापारी मार्ग होता. पण त्या चढणीवर माल वाहिला तो पाठीवर ओझे घेतलेल्या जनावरांनी, गाड्यांनी नव्हे. देशावरील जुन्या गाड्यांची चाके भरीव, दगडी वा लाकडी असत आणि त्या ओढण्यास अनेक बैल लागत. १८३० च्या दशकात महसूल मोजणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड यांनी सोलापूर भागात टेंभुर्णी येथे सुधारित गाड्यांचा कारखाना काढला. पुढे घाटरस्ते झाले. रेल्वे १८५५ मध्ये वासिंदपर्यंत व १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आली. स्थानकापर्यंत माल नेण्याचे काम गाडीला मिळाले. म्हणजेच आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी महाराष्ट्रात सर्वदूर झाली ती बऱ्याच अंशी एका ‘अद्ययावत’ करण्यामुळेच. बदल झाला म्हणून गाडी भ्रष्ट झाली, असे म्हणण्यास त्यामुळे आधार उरत नाही.

दुसरी अडचण तात्त्विक आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. वापरातल्या बैलगाडीला हा प्रश्न अक्षरशः लागू पडतो. साट्याच्या फळ्या कुजतात, आरे बदलतात, जू झिजते. तीन पिढ्या चाललेल्या गाडीत पहिल्या दिवशीचे लाकूड किती उरले असेल, हे तिच्या मालकालाही सांगता येत नाही. पुरीच्या जगन्नाथाचे तिन्ही रथ तर दरवर्षी नव्या लाकडाचे होतात, तरीही त्यांच्या अस्सलपणाविषयी कोणास शंका येत नाही. कारण मापे, पद्धत व घडवणारी घराणी ठरलेली असतात. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाच्या कसोट्यांत द्रव्य व आकार यांच्याबरोबर उपयोग, परंपरा आणि तंत्र यांनाही स्थान दिले, ते याच जाणिवेतून.

चाक बदलले की काय बदलते?

या कसोट्या लावल्यास एक अनपेक्षित गोष्ट दिसते. साट्याच्या सर्व फळ्या नव्या घातल्या तरी गाडी तीच राहते. परंतु फळ्यांना हात न लावता केवळ रबरी चाके बसवली तर मोठा फेरबदल होतो.

लाकडी चाकाचा व्यास साधारणतः चार ते पाच फूट असतो. रबरी चाकाचा तीन फुटांच्या आसपास. त्यामुळे आस व तिच्यावरील साटा अर्धा ते एक फूट खाली येतो. जुवाची उंची मात्र बैलांच्या मानेवर ठरते, ती तशीच राहते. परिणामी गाडीचा पुढचा भाग वर व मागचा खाली होतो, भाराचा मध्य आसेच्या मागे सरकतो आणि गाडी उलळू लागते. जू वर उचलले गेले की गळ्याखालील जोते बैलाला काचते. हे टाळण्यासाठी आसेवर ठोकळे चढवावे लागतात किंवा धुरा नव्याने बसवावा लागतो. म्हणजे एका चाकापायी निम्मी गाडी उकलली जाते.

रबरी चाकाचे फायदे नाकारण्याजोगे नाहीत. बॉल बेअरिंगमुळे घर्षण घटते व डांबरी रस्त्यावर तीच बैलजोडी बरेच अधिक ओझे ओढते. चिखलात रुंद टायर अरुंद लोखंडी धावेइतका रुतत नाही, आणि लोखंडी धाव डांबर उखडते ही रस्ते बांधणाऱ्यांची तक्रारही रास्त आहे. उलटपक्षी, भातखाचराचा बांध किंवा ओढ्यातील धोंडा मोठे चाक सहज ओलांडते, लहान चाक अडखळते. उतारावर तर सहज घरंगळणारी गाडी बैलांच्या मानेवर येते. तिला ब्रेक लावणे ही चैन नसून गरज असते. पर्यटकांना बसवून डोंगरउतारावर नेताना याकडे दुर्लक्ष होता कामा नये. चाकाचा खडखडाट ऐकायला आलेल्या पाहुण्याला टायरगाडीत काय मिळते, हा प्रश्न वेगळाच!

उभी गाडी आणि चालती गाडी

त्यामुळे ‘मूळ की नवे’ या प्रश्नाआधी गाडी उभी राहणार की चालणार, हे ठरवणे इष्ट ठरते. उभी राहणार असेल तर तिच्यावर व्हार्निश वा ऑइलपेंट चढवण्याचे कारण नाही. आसेवरचे वंगण, जुवावरची झीज, लोखंडी पट्टीचा जोड हाच तिचा इतिहास असतो आणि रंगाखाली तोच प्रथम नाहीसा होतो. ओल व वाळवी यांपासून बचाव, चाकांखाली दगडी ठोकळे आणि डोक्यावर छप्पर एवढे पुरेसे असते.

गाडी चालती ठेवायची असेल तर तिची दुरुस्ती जुन्या जोडकामानेच, पण नि:संकोचपणे व्हावी. नवा भाग ओळखू यावा, ही १९६४ च्या व्हेनिस सनदेची अपेक्षा भागाच्या आतल्या बाजूस वर्ष कोरून सहज पूर्ण होते. काढलेला भाग जळणात न टाकता मापासह ठेवावा. अवजड ओझे रोज वाहायचेच असेल, तर त्यासाठी वेगळी टायरगाडी बनवणे योग्य. जुन्या साट्यावर तो प्रयोग करू नये.

खरी अडचण कारागिरांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०२१ मध्ये सशर्त उठल्यापासून व २०२३ च्या निकालाने संबंधित राज्य कायदे वैध ठरल्यापासून शर्यतींच्या बैलांना पुन्हा मोल आले. परंतु शर्यतीचा हलका छकडा घडवल्याने ओझ्याच्या गाडीचे चाक घडवण्याची विद्या टिकत नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव सैल होते, ती नव्याने चढवताना सुतार व लोहार दोघे एकाच वेळी हजर असावे लागतात. लोखंडी धावेचा घेर चाकाच्या घेराहून किंचित कमी ठेवतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होऊन प्रसरण पावली की चाकावर बसवून लगेच पाणी ओततात, आणि आकसणारे लोखंड सर्व आरे तुंब्यात घट्ट दाबते. घेर किती कमी ठेवायचा हे लाकडाची जात, त्याचा सुकेपणा व चाकाचे वय पाहून ठरते. ही मापे व हा क्रम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात गावोगाव फिरून चित्रफितीसह नोंदवता येईल. मात्र त्यासाठी हे काम केलेले सुतार-लोहार हयात असतानाच जावे लागेल.