कुंडीतला तरवड

नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते आणि सोलापूरकडील कितीतरी घरांत त्या माळेला तरवडाचीच पिवळी फुले लागतात. भवानी पेठेतील तेलुगू विणकर कुटुंबांत हेच फूल ‘तंगेडू’ म्हणून ओळखले जाते. भाद्रपद अमावास्येपासून मांडल्या जाणाऱ्या बतुकम्माच्या फुलरचनेत त्याला मानाचे स्थान असते. तेलंगणाचे तर ते राज्यपुष्प आहे. मात्र हे दिवस सरले की तरवडाची आठवण कोणाला राहत नाही. माळरानावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला तो आपला आपण वाढतो आणि वस्ती पसरू लागली की मुकाट्याने नाहीसा होतो. घरातील ज्येष्ठांनी या देशी, बहुवर्षायू झुडपाला गच्चीवर किंवा अंगणात जागा द्यावी, असे मला मनापासून वाटते.

तरवडाच्या फुलात मध नसतो. त्याच्यापाशी देण्यासारखे असते ते परागांचे भांडार, आणि तेही कुलूपबंद. त्याचे परागकोश इतर फुलांप्रमाणे उभे उकलत नाहीत. त्यांच्या टोकाशी केवळ बारीक छिद्रे असतात. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला बिलगतो, पंख स्थिर ठेवून छातीचे स्नायू वेगाने थरथरवतो आणि त्या कंपनाने छिद्रांतून पराग उडतात. मधल्या आखूड पुंकेसरांतील पराग तो खाद्य म्हणून गोळा करतो. खालच्या लांब पुंकेसरांतील पराग त्याच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलाकडे जातात. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांतील परागही अशाच कंपनाने टोकाशी बाहेर पडतात, त्यामुळे तरवडावर पोसलेला भुंगा शेजारच्या परसातही उपयोगी पडतो. वयोमानानुसार कान प्रथम उंच पट्टीच्या आवाजांना मुकतात. भुंग्याचा हा घुमणारा स्वर खालच्या पट्टीतला, म्हणून तो पुष्कळ आजी-आजोबांना सहज ऐकू येतो. तो डंख मारील या भीतीने त्याला हाकलू नये. नर भुंग्याला नांगी नसतेच, आणि मादी हाताने धरल्याखेरीज सहसा डसत नाही.

लागवड सोपी आहे. माळावरचे झुडूप उपटून आणू नये; त्याचे सोटमूळ खोल जाते, ते तुटले की झाड जगत नाही. पक्व, चपट्या, तपकिरी शेंगांतून बी काढावे. बियांचे कवच कठीण असते. त्यांना खरकागदावर हलकेच घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवावे आणि पावसाच्या सुरुवातीला थेट मोठ्या, खोल कुंडीत पेरावे. मातीत निम्मी वाळू किंवा मुरूम असला तरी चालतो. ऊन भरपूर हवे, खताची घाई नको. रोप रुजले की पाणी जपून घालावे, कारण सोलापूरचा उन्हाळा सोसणारे हे झुडूप अतिपाण्यानेच अधिक मरते. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी गोल उपपर्णे दिसली की तो तरवडच समजावा. टाकळ्याला तशी नसतात. पुढे पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. त्या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, त्यांच्यावर औषध फवारू नये. मधासाठी शेजारी तुळस आणि कोरांटी असावी.

आता थोडे काळजीचे. ‘डॉक्टर, तरवडाच्या फुलांचा काढा साखरेवर चांगला ना?’ हा प्रश्न दवाखान्यात वारंवार येतो. प्राण्यांवरील प्रयोगांत या वनस्पतीच्या अर्काने रक्तशर्करा उतरल्याचे दिसले आहे, हे खरे. पण माणसासाठी तिची सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना वर काढाही घेतला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मूत्रपिंड दुर्बल असलेल्या वृद्धांत या गोळ्यांचा परिणाम अधिक काळ रेंगाळतो, म्हणून धोका वाढतो. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, अकारण चिडचिड ही लक्षणे घरच्यांना ‘वयाचा विसराळूपणा’ वाटतात, कधी अर्धांगाचा झटकाही वाटतो. साखर मोजण्याचे यंत्र हाताशी असेल तर लगेच मोजावी. माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. काढा आधीपासूनच घेत असाल, तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावण्यासाठी विचारत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या हाती शेंगा-पाने लागून ती चघळली जाणार नाहीत, एवढे सोबतच्यांनी पाहावे.

कुंडी गच्चीच्या मधोमध नको, कठड्याजवळ हवी. विटांच्या उंच ओट्यावर ठेवली तर वाकावे लागत नाही. भरलेली बादली जिन्यावरून नेण्यापेक्षा लहान झारी बरी. पाणी सकाळी ऊन चढण्यापूर्वी, पायांत चपला घालूनच द्यावे. मधुमेही पायाला काटा रुतलेला कळतही नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, कारण डेंग्यूचा डास तेथेच वाढतो. मधमाशी डसल्यावर पूर्वी कधी अंगभर गांधी उठल्या असतील वा श्वास कोंडला असेल, तर अशा व्यक्तीने फुलांपाशी काम करू नये.

बहर पावसाळ्यानंतर जोर धरतो. माळेसाठी फुले तोडताना सगळी तोडू नयेत, निम्मी तरी भुंग्यासाठी ठेवावीत. शेंगा वाळल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, झुडूप गुडघ्याएवढे छाटावे आणि बी कागदी पाकिटात घालून शेजारी द्यावे.